फुगवणी खात्यातले दोनशे पंचवीस दिवस

३ फेब्रुवारी १९८६, सोमवार

— आणि मी चुकीचं काय बोललो? पुन्हा तेच! भावजींचं एकच पालुपद. "जीभ वळवळते ना तुझी? ती दोनशे चाळीस दिवस दाताखाली धर." दोनशे चाळीस भरले की पर्मनंटचा हक्क लागतो, हे मला ठाऊक नाही काय? आज दोनशे चौदावा. कपाटामागे खडूने रेघा मारतो. ताई ओरडते, भिंत घाण केली म्हणून.

गुणाजी भावजींनी मला मालवणहून आणलं, अंधेरीच्या त्यांच्याच कारखान्यात चिकटवलं, असल्फ्याच्या खोलीत ठेवून घेतलं. मान्य. ताईचा नवरा म्हणून मानही देतो. पण म्हणून जन्मभर खालीच बघायचं?

एवढंच बोललो होतो की मशीनखालच्या खड्ड्यात वाकलं की डोकं गरगरतं. चंद्रप्रकाश साहेब, आमचा सुपरवायझर, म्हणाला, "सकाळी काहीतरी खाऊन येत जा." सगळे हसले. सर्वांत मोठ्याने भावजी!

५ फेब्रुवारी

बाबांचं पत्र. विचारतात, सिगरेटच्या कारखान्यात तू नक्की करतोस काय?

काय लिहू — तंबाखू फुगवतो! माझ्यासारख्या सहावी नापासाला जमेल तसं लिहिलं. चिरलेली तंबाखू बंद टाकीत घालतात. तिच्यात गॅस सोडतात, सोड्याच्या बाटलीत असतो तोच, पण दाबून दाबून पाण्यासारखा केलेला. तो पानात मुरतो. मग टाकीतून निघते ती तंबाखूची लादी. इतकी गार की उघडा हात लावला तर कातडी चिकटून राहते. ती फोडायची. तुकडे उभ्या नळात, कढत वाऱ्यात सोडायचे. आतला गॅस भसकन बाहेर, आणि सुकून चपटं झालेलं पान टुम्म! लाही फुटते तसंच. वर लगेच पाण्याचा फवारा, नाहीतर नुसता भुगा हातात.

फायदा? तेवढ्याच तंबाखूत जास्त सिगरेटी. भावजी म्हणतात, "लोक हवा ओढतात, आपण पगार ओढायचा." हे मात्र झकास बोलले.

पत्रात डोक्याचं लिहिलं नाही.

८ फेब्रुवारी

लादी फोडताना तुकडे उडतात. ते मशीनच्या सरकत्या पट्ट्याखालच्या खड्ड्यात पडतात. पुरुषभर खोल खड्डा. तिथे त्यांच्यातल्या गॅसची वाफ होते. मग ती वाफ जाते कुठे? सिगरेटी ओढून बघायच्या खोलीत कुंदाबाई कामाला आहेत, त्यांना विचारलं. म्हणाल्या, "जाते कुठे? तो गॅस हवेपेक्षा जड. तळाशी बसून राहतो."

बसून राहतो!

मला आमच्याकडची विहीर आठवली. एप्रिलात गाळ काढायला बाबा उतरायचे, त्याआधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. "दिवो इझलो तर खाली पाय घालूक नाय." एकदा विझला होता. त्या दिवशी कोणी उतरलं नाही. दोन दिवस फांद्या बांधून विहीर ढवळली होती.

भावजींना सांगितलं. ते म्हणाले, "ही विहीर आहे काय रे? कंपनीची मशीन आहे. इंजिनियर लोक मूर्ख, आणि तू नि तुझा कंदील शहाणा!" ताई म्हणाली, "जेवताना नको." झालं. माझं कोणी ऐकतच नाही!

११ फेब्रुवारी

दोनशे एकविसावा. दिवसभर गप्प. जीभ दुखायला लागली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचं सगळं लिहून ठेवतो.

दहा वाजता खालचा पट्टा अडकला. साहेब म्हणाला, "जयवंत, उतर. दोन मिनिटांचं काम." मी म्हटलं, आधी दिवा सोडून बघू. "दिवा? तंबाखूच्या खात्यात? डोकं ठिकाणावर आहे ना? घाबरट साला!" मी हललो नाही. तेव्हा भावजी पुढे झाले. "राहू द्या साहेब, पोर आहे. मी उतरतो." आणि पाय शिडीवर!

वाट लागली, एवढंच डोक्यात आलं. धावत कुंदाबाईंच्या खोलीत गेलो. पूर्ण कारखान्यात काडेपेटी तिथेच असते. काडेपेटी उचलली, मेणबत्ती उचलली. बाई ओरडल्या, "अरे, अरे!" मेणबत्ती डब्यात बसवली, डब्याला तार बांधली. भावजींची कॉलर धरून मागे ओढलं. मोठ्या माणसाची कॉलर! डबा खाली सोडला.

कमरेएवढा गेला आणि ज्योत गेली. फुंकर घातल्यासारखी. पुन्हा पेटवली. पुन्हा गेली.

भावजींचा एक पाय अजून शिडीवरच होता.

मग साहेब बोलला. काय, तर "वॉचमनला बोलवा!"

१५ फेब्रुवारी

काढलं. दोनशे पंचवीस.

खात्यात आग पेटवली, एवढाच गुन्हा. बदली कामगाराला चौकशी नाही, काही नाही. कागदावर साक्षीदार म्हणून भावजींची सही. "जयवंतने काडी ओढली हे मी पाहिले." खोटं नाही, ओढलीच! पण ज्योत विझली हे कुठे आहे? दोनदा विझली! ते लिहायला शाई संपली काय?

विचारलं. भावजी भिंतीकडे बघून म्हणाले, "मला दोन पोरं आहेत, जयवंता." मग मी काय धोंडा आहे? मला आईबाप नाहीत? दर महिन्याला दीडशेची वाट बघतात ते!

हिशेबाचे मिळाले ते ताईच्या हातात दिले. भावजींशी बोलणं बंद.

२० फेब्रुवारी

साकीनाक्याला तीन गेट फिरलो. "आधी कुठे होतास? का सोडलंस?" खरं सांगितलं की हसतात. चौथ्या गेटवर खोटं सांगितलं. तिथेही जागा नाही.

खड्डा तसाच आहे, पाण्याच्या नळावर कळलं. नुसती पाटी लावली — सावधान. सावधान कशापासून, ते लिहिलेलं नाही!

२४ फेब्रुवारी

माल उतरवायचं काम. दिवसाला नऊ रुपये, तेही रोज नाही. भावजींनी चहाचा कप पुढे सरकवला. घेतला नाही. निवला, मग ताईने ओतून दिला.

१ मार्च, शनिवार

भावजी आज अकरालाच घरी! ताप आला असेल वाटलं.

पट्टा पुन्हा अडकला. माझ्या जागी अनंता म्हणून एकाला घेतलाय, चाळिशीचा, गिरणी सुटून आलेला. साहेबाने त्याला उतर म्हटलं. भावजी शिडीच्या तोंडाशी आडवे बसले. "आधी दिवा, मग माणूस." साहेब नाही म्हणाला. तेव्हा काडी भावजींनी ओढली! चौदा वर्षांची नोकरी. सस्पेंड.

ताई रडतेय आणि भावजी आंघोळीला पाणी काढतायत. मला एवढंच म्हणाले, "या वेळी लिहून दिलंय रे. विझली म्हणून. अनंतानेही सही केली."

चहा मी केला. दोघांना.

सोमवारी मनीऑर्डर करायची. दोघांच्या खिशातलं मिळून गावी — पस्तीस रुपये.