ओल्या चुन्यावरची फक्की

६ जानेवारी, मंगळवार
शाळेतून शिपाई म्हणून रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण गावात मैदान आखायचं म्हणलं की मामाच लागतो. आज बांधकाम खात्याचे साहेब सोनपेठहून आले. परवा मोठे पुढारी हेलिकॉप्टरनं मेळाव्याला येणार. शाळेच्या मैदानात गोल काढायचा, मधी इंग्रजी एच. साहेबांनी दोनदा बजावलं, "चुना पाण्यात कालवूनच मारायचा. सुका कण राहता कामा नये." म्हणलं, साहेब, जन्म गेला खो-खोचं मैदान आखण्यात. घरची हसायली. "आता तुमी इमानं उतरवा!"

८ जानेवारी, गुरुवार. सकाळ
गोल झकास जमला. पण चुना वाळला तसा फिका पडला. एवढ्या उंचावरून दिसायचा कसा? पाहुणा दारात अन् रांगोळी पुसट, बरं दिसतं का? शाळेच्या खोलीत फक्कीचं, सुक्या चुन्याच्या भुकटीचं, अर्धं पोतं होतं. सुकीच फिरवली वरून, खो-खोला फिरवतो तशी. एच नुसता लखलखायला लागला. माझा दोस्त गफूर टँकर घेऊन धूळ दबावी म्हणून दुसऱ्यांदा पाणी मारायला आला, त्याला मीच अडवलं. रंग जाईल म्हणलं. तो म्हणला, "मामा, साहेब सुकं नको म्हणले होते ना?"
"तू टँकर हाक. मैदान मला कळतं."

तोच दिवस. दिवस मावळल्यावर
काय लिहू.
हेलिकॉप्टर दोन पुरुष उंचीवर आलं अन् सगळी फक्की उठली. पांढरा ढग. आत मशीन दिसंना, नुसता आवाज. बाया ओरडायल्या. मग ढगातून एकदम वर उसळलं, शाळेच्या पत्र्यावरून गेलं अन् नाल्यापलीकडं, कापसाची पऱ्हाटी उपटलेल्या रानात उतरलं. सगळे जिते. देवाची कृपा, अन् त्या पायलटची.
पुढारी ढेकळं तुडवत आले, पांढऱ्या कपड्यावर काळी माती. सगळ्यांदेखत पायलटला म्हणले, "उतरवता येत नसेल तर बैलगाडी हाका." लोक हसले. पायलट मान खाली घालून उभा. मी हार घेऊन रांगेत.
मेळावा चालू असताना मशीनपाशी भाकर घेऊन गेलो. पिठलं, ठेचा. पायलट, म्हंजी कॅप्टन, साताऱ्याकडचे, पन्नाशीचे. आधी फौजेत होते. बांधावर मांडी घालून जेवले. मला "मामा"च म्हणले. म्हणले, "आमचं असंच. सभा त्यांची, बांध आमचा. मुलगी फोनवर विचारते, बाबा आज कुठं? गावाचं नाव आठवत नाही. मग मातीचा रंग सांगतो. आज काळी." विजेच्या तारा वरून दिसतच न्हाईत म्हणले, म्हणून उतरताना सगळा जीव डोळ्यात आणायचा. उशीर झाला की पुढारी चिडतात, अन् दिवस बुडायच्या आत निघायचंय हे ऐकून आणखी चिडतात.
मग भाकरीचा तुकडा हातातच धरून, "मामा, खाली ते पांढरं काय उडालं हो?"
म्हणलं, "धूळ असंल साहेब. आमच्याकडं लय धूळ."
गफूर त्या रानात पाणी मारायला आणलेल्या टँकरला टेकून उभा होता. त्यानं तोंड फिरवलं.
जाताना माझा नंबर घेतला. भाकर आवडली म्हणले, हुरड्याला येतो. भाकर दिली, खरं न्हाई दिलं.

१२ जानेवारी, सोमवार
बां. खा. चे साहेब अहवालाचा कागद घेऊन घरी. चुना ओलाच मारला होता, सुकं काही न्हवतं, असं लिहिलेलं. "मामा, मारला होता ना ओला?" मारला तर होताच. वरचं तेवढं सांगितलं न्हाई. सही केली. जन्मभर शाळेच्या भिंतीवर रोजचा सुविचार मीच खडूनं लिहीत होतो. 'खरे बोलावे' तर कितीदा लिहिलं असंल. बघून बघून अक्षर गिरवायला शिकलो, तेवढंच.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत
गफूर तिळगूळ घ्यायला आला, दरसाल येतो. म्हणलं, गोड बोल. म्हणला, "मामा, गोडच बोलायलोय सहा दिवस. काय बघितलंच न्हाई म्हणून." हसत म्हणला, पण हसणं डोळ्यापर्यंत गेलं न्हाई. मला वाटलं होतं दोस्त हाय, झाकून घेईल. घेतलं झाकून. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१९ जानेवारी, सोमवार
कॅ. चा फोन. मला वाटलं हुरड्याचं. घरीच हायत. चौकशी होईस्तोवर उडायचं न्हाई. पुढाऱ्यानं तक्रार केलीय, पायलट घाबरला म्हणून. मला विचारलं, "मामा, वरून जमीन तर ओली दिसत होती. पाणी मारलं होतं ना?"
"मारलं होतं."
"मग एवढी धूळ..." वाक्य अर्धंच सोडून म्हणले, "बरं. घरच्यांना नमस्कार सांगा."
घरची चुलीपाशी होती. सगळं ऐकलं तिनं. म्हणली, "मेळाव्यापासून जेवण जाईना तुमाला. चुना पोटात गेलाय का?" तिला सगळं सांगितलं. ती रागावली न्हाई. रागावली असती तर बरं झालं असतं.

२१ जानेवारी, बुधवार
स्वतःच्या हातानं कागद लिहिला. फक्की मी टाकली, पाणी मी अडवलं, साहेबांनी बजावूनही. एस.टी.नं सोनपेठला गेलो. साहेबांनी वाचला, घडी घालून परत माझ्या खिशात ठेवला. "अहवाल वर गेलाय. आता माझ्याही अंगाशी येईल. घरी जा, नातवंडं खेळवा." दारापर्यंत सोडायला आले वर. येताना बसमधी खिडकीपाशी बसलो, पण बाहेर बघू वाटंना.

२२ जानेवारी, गुरुवार
सकाळी अंघोळ करून कॅ. ना फोन लावला. पारायणाला बसावं तसा पाटावर बसून. सगळं सांगितलं, सहीसकट. शिव्या ऐकायची तयारी होती.
मग म्हणले, "मामा, मी दोनदा डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन आलो. वाटलं, आपलेच डोळे गेले."
मी माफी मागायला तोंड उघडलं. तेवढ्यात फोन बंद. त्यांनी ठेवला का रेंज गेली, कळलं न्हाई. पुन्हा लावायची हिंमत होईना.
दुपारी गफूर आला. म्हणला, साक्षीदार लागंल. कागद नव्यानं लिहिला, खाली त्यानं सही केली, मोडकी-तोडकी का होईना. पत्ता कुठला टाकायचा, चौकशीवाले कोण, दोघांनाही म्हाईत न्हाई. कॅप्टनसाहेबांनाच विचारावं लागंल.
शाळेतून निरोप हाय, सव्वीस तारखेचं मैदान आखायला या म्हणून. फक्कीचं पोतं तिथंच पडलंय. अजून काही कळवलं न्हाई.
फोन उशाला ठेवलाय, आवाज मोठा करून.