डायनोसॉरनी सांडलेलं पाणी

उदगीर, एप्रिल, गुरुवार संध्याकाळ

गौरीचं अंग अजून तापलेलंच आहे. डॉक्टर म्हणाले, "पोरीच्या अंगात पाणीच नाही." शाळेतून रोज तिची बाटली भरलेलीच परत यायची. मला वाटायचं, शाळेत नळाचं पीत असेल. नळ? या उन्हाळ्यात? कुठं होतं माझं डोकं!

दवाखान्यातून घरी आल्यावर विचारलं, बाटलीतलं का पीत नाहीस, तर तिनं डायनोसॉर खेळ खेळतात ते गाण्यांचं पुस्तक आणलं. कबड्डीचं पान उलटून पोहण्याचं काढलं.

डायनोसॉर मारी उडी धपाक,
तळ्याचं पाणी बाहेर फचाक!

"असं सांडून टाकलं त्यायनी. मंग मेले. म्हनून मी माजं ठेवते. तूच म्हनली होतीस."

म्हणाले होते. त्या दिवशी टँकर आला नव्हता आणि ही सारखी विचारत होती, डायनोसॉर कुठं गेले? पाणी संपलं, मेले, असं मी वैतागून बोलून गेले.

गौरीचे बाबा उदगीर जिल्हा व्हावा म्हणून भरलेल्या बैठकीला गेलेत. जिल्हा झाला की पाणी येईल म्हणतात. तोवर काय? ताप चढला तर?

तीच भरलेली बाटली मी तिच्या तोंडाला लावली. "पी माय, लई पाणी हाय घरात."

"आधी तू पी."

सगळ्यांचं झाल्यावर तांब्यात उरलं तरच मी पिते. हे कधी बघितलं हिनं?

मी प्यायले. खरंच गिळते का, म्हणून ती माझ्या गळ्याकडं बघत होती.