पाण्यात उतरायचं नाही

१२ जानेवारी १९५७, उज्जैन

हो म्हणून आले! घरी कुणाला विचारलं नाही.

कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या मुली सहलीला चालल्यात. पार दक्षिणेत मंडपमला, तिथून नावेनं एका बेटावर. तिथं समुद्राच्या तळाशी पोवळ्यांचं रानच्या रान आहे म्हणे. यज्ञेश्वर सर नेताहेत, पण सोबत कुणी बाई असल्याशिवाय पालक पोरींना धाडेनात. म्हणून आमच्या शाळेत विचारणा आली. बाकीच्या बहेनजींना घरून फुरसत नाही. मी लगेच हो म्हटलं.

सर म्हणाले, "विनोदिनीबाई, काम फक्त मुलींवर लक्ष ठेवण्याचं. पाण्यात कुणी उतरायचं नाही. नावेतून बघायचं."

ठीक, म्हटलं.

घरी सांगितलं तर आईंच्या हातातलं लाटणं थांबलं. "विधवा बाईनं समुद्रात जाऊन काय धुवायचंय?" सासूबाईंचं बोलणं असंच, सुरीसारखं. धाकटे दीर, भय्यासाहेब, जेवत होते. म्हणाले, "वहिनी, पुढल्या महिन्यात आपल्याला भोपाळला हलायचंय. हे मधेच काय काढलंत?"

आपल्याला! मध्यभारत गेलं, नवं मध्यप्रदेश झालं, भय्यासाहेबांचं ऑफिस भोपाळला, नव्या राजधानीत चाललं. बदली त्यांची. माझी नोकरी इथं. पण मी ती सोडणार हे त्यांनी धरूनच टाकलंय. जाऊबाईंना हाताखाली कुणी हवं ना! हे टायफॉइडनं गेले, तेव्हापासून माझं सगळं दुसरेच ठरवतात. मी काय नेसायचं, काय खायचं, कुठं राहायचं.

"आल्यावर बोलू," एवढंच म्हटलं. भाजी वाढली.

१९ जानेवारी

ट्रंक भरली. भैरवगढची लाल छापाची साडी वरच ठेवली — दिसेल अशी. आईंनी पाहिली. नाक मुरडलं.

२१ जानेवारी, गाडीत

भोपाळला गाडी बदलली. प्लॅटफॉर्मवर चहा घेत होतो. मीरा — बी.एस्सी.च्या पोरींत सगळ्यात आगाऊ — म्हणते, "बहेनजी, आता तुम्ही इथंच ना? भय्यासाहेब बाबांना सांगत होते, घर पाहून ठेवलंय. म्हणे वहिनींसाठी स्वयंपाकघर खास मोठं बघितलं!"

मला नाही सांगितलं. मीराच्या बाबांना सांगितलं!

चहा अर्धा टाकून दिला. गाडी सुटली तेव्हा मी त्या गावाकडे पाठ करून बसले.

२५ जानेवारी, मंडपम

अंगाला मीठ, केसांत वाळू, पोळी कुठं मिळत नाही — आणि समुद्र! नर्मदा पाहिली होती, तिचंच पाणी पीत मी महेश्वरला वाढले. पण याला पलीकडचा काठच नाही.

उद्या बेटावर नेणार आहे ती राजम नावाची मुलगी. मुलगीच — तिशीसुद्धा नसेल. माशांवर संशोधन करते. सरांना वाटलं होतं कुणी मिस्टर येतील. तिनं सामानातून काढून दाखवलं — डोळ्यांवर बांधायची रबरी कडेची काच आणि वाकडी नळी. नळी तोंडात धरायची, डोकं पाण्यात, नळीचं टोक वर. श्वास घेत घेत तळ बघायचा.

सर हसले. "हे आमच्या मुलींसाठी नाही."

"मग कुणासाठी?" राजमनं विचारलं. तिचं हिंदी मोडकं, पण हे बरोबर जमलं.

२६ जानेवारी, बेटावर

केस अजून ओले आहेत. तरी लिहितेच.

सकाळी नावेनं आलो. माणसाची वस्ती नाही — वाळू, झुडपं, दोन खोल्या, बस. राजमनं काचेच्या बुडाची पेटी पाण्यावर टेकवली, मुली एकेक करून वाकून बघू लागल्या. लाटेनं नाव हलली की सगळं हिरवं-पिवळं गढूळ. मीरा वैतागली. "बहेनजी, कुछ दिखता ही नहीं!"

राजम सरांना म्हणाली, "किनाऱ्यालगत पाणी कमरेएवढं आहे. मी बरोबर असते. उतरू द्या."

"अजिबात नाही. पालकांना काय तोंड दाखवू?"

मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मी लक्ष ठेवायला आलेली! मला एकदम ते मोठं स्वयंपाकघर दिसलं. कसं कोण जाणे — मी म्हटलं, "मी उतरते."

"विनोदिनीबाई, आपलं ठरलं होतं."

"हो. ते मी मोडतेय. पालकांना सांगा, बाईंनी ऐकलं नाही."

साडीत जमणार नव्हतं. मीरानं आपली सलवार-कमीज दिली. त्या खोलीत ती अंगावर चढवताना लाज वाटली — खोटं कशाला लिहू? बाहेर आले तेव्हा सर दुसरीकडे तोंड करून उभे होते. उभे राहोत!

पहिल्यांदा बुडवलं डोकं तर नळीतून पाणी थेट घशात. खोकून खोकून जीव गेला. वाटलं, पुरे, शोभा झाली. मला पोहता येतं, वडलांनी नर्मदेत शिकवलंय, पण हे पोहणं नव्हे. इथं पाण्यात तोंड घालून श्वास घ्यायचा आणि घाबरायचं नाही. राजमनं पाठीवर हात ठेवला. "हळू. घाई नाही."

पुन्हा डोकं घातलं.

काय लिहू! खाली गाव होतं. फांद्या-फांद्यांची पोवळी, काही मेंदूसारखी गोल. निळ्या माशांचा थवा माझ्या हातावरून गेला, मला न विचारता, न भिता. एक पोपटाच्या चोचीचा मासा दगड कुरतडत होता आणि त्याचं करकर करकर मला ऐकू येत होतं. काळ्या काट्यांचा गोळा कपारीत बसून काटे हलवत होता. आणि सगळ्यात मोठा आवाज माझ्याच श्वासाचा. इतक्या वर्षांत मी तो ऐकलाच नव्हता.

वर आले तेव्हा रडत होते. काचेच्या आत कुणाला दिसलं नाही.

मग मीरा उतरली. मग बाकीच्या. सर वाळूवर बसून राहिले.

२७ जानेवारी, मंडपम

आज पुन्हा उतरले. आज कुणालाच विचारलं नाही. खडकावर गुडघा फुटला. फुटू दे!

निघताना राजमला म्हटलं, तुला घरचे काही बोलत नाहीत? म्हणाली, "बोलतात. रोज बोलतात." आणि दोर सोडून नाव ढकलली.

२ फेब्रुवारी, उज्जैन

स्टेशनावरूनच बातमी माझ्या आधी घरी पोचलेली. भय्यासाहेब दारातच. "वहिनी, पंजाबी कपडे घालून परक्या माणसांसमोर पाण्यात! दादा असता तर?"

"तुमचे दादा असते तर तेही उतरले असते."

"नाक कापलंत आमचं. भोपाळला तरी नीट वागा."

आता बोलायचंच होतं. म्हटलं, "भावोजी, मी भोपाळला येत नाही."

जाऊबाई रडायला लागल्या. मुलं बावरली. त्यांची धाकटी लेक माझ्या पदराला धरून उभी — तिला मीच न्हाऊ-माखू घातलंय. तिच्याकडे बघवेना. पण शब्द मागे घेतला नाही.

"एकटी राहणार? या गावात? खाणार काय?"

"पगार मिळतो मला. तो आजवर याच घरात आलाय."

आई कोपऱ्यात वाती वळत होत्या. त्या वळतच राहिल्या. मला वाटलं होतं, सगळ्यात जास्त त्याच तोडतील.

९ फेब्रुवारी

शाळा सुटली की खोली शोधत हिंडते. एकटी म्हटलं की दारं बंद. फ्रीगंजमध्ये एकानं कडीच लावली. आज देवास गेटपाशी एक म्हातारे शेठजी — "अकेली? घरवाले कहाँ हैं?"

म्हटलं, "घरवाली भी मैं, घरवाला भी मैं. कमरा दिखाइए."

शेठजी हसत सुटले. खोली दिली! माडीवरची, खिडकी रस्त्यावर. दिवसभर टांग्यांची खडखड. असू दे.

१४ फेब्रुवारी

यज्ञेश्वर सर शाळेत आले होते. वाटलं, तक्रार करायला. म्हणाले, "पुढल्या वर्षी मुली पुन्हा जायचं म्हणताहेत. तुम्ही याल?" माझ्याकडे न बघता विचारलं. मी मात्र त्यांच्याकडे बघून सांगितलं, "येईन. पण अट माझी."

१८ फेब्रुवारी

शेगडी घेतली, घडा घेतला. आईंनी विचारलं, "डबे आहेत का तुझ्याकडे?" नाहीत म्हटलं.

परवा सगळे जाणार. धाकटीनं बोलणं टाकलंय माझ्याशी. हे लागतंय. फार लागतंय.

२० फेब्रुवारी

कालच मी खोलीवर राहायला आले. सकाळी घरापुढे टांगे लागले. निरोप द्यायला गेले. धाकटी शेवटी गळ्यात पडलीच. आई टांग्यात बसल्या होत्या. वाकून पाया पडले, तर त्या खाली उतरल्या.

"भय्या, तुम्ही जा. मी हिच्याकडे राहते."

माझ्या तोंडून निघालं, "आई, माझ्याकडे? का?"

"बाराव्या वर्षी लग्न करून आणलं, ग्वाल्हेरला नेलं, इंदूरला नेलं, इथं आणलं. कुणी विचारलं का, येतेस का म्हणून? काल मी माझं मलाच विचारलं. नाही जायचं मला."

आणि टांग्यातून आपली ट्रंक स्वतःच ओढायला लागल्या.