भरदुपारचे दिवे

खारघर,
८ सप्टेंबर २०२५

ती. शालनताईस,
नंदूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपली गाडी ‘जेवलास का, जेवलीस का’च्या पुढे जात नाही, म्हणून पत्र. नवी गाडी घेऊन तीन महिने झाले. दिवे आपोआप लागणारी आहे, आणि इतकी हळवी की दुपारी बारालाही दिवे लावूनच निघते. समोरून येणारे लोक पंजा उघडझाप करून दाखवतात. महिनाभर मला वाटलं, गाडीचं कौतुक करतायत. मीही हसून हात करत होतो. ते दिवे चालू असल्याचं सांगतायत, हे तुझ्या भावजयीने, राजलक्ष्मीने सांगितलं. तुझ्या भावाने इतके दिवे नोकरीतही लावले नव्हते.

पण एक गोष्ट मी तिलाही सांगितलेली नाही. मला गाडीतले आकडे दिसेनासे झालेत. शोरूममध्ये लख्ख दिसत होते. आता वेग किती, पेट्रोल किती, सगळं अंधूक. डोळे गेले, ताई. परवा पामबीच रस्त्यावर वेग कळेना म्हणून इतका हळू चाललो की एक सायकलवाला पुढे गेला. फार घाबरलो. गाडी विकावी म्हणतो. भाऊबीजेला तुला कोरेगावहून गाडीने आणायचं कबूल केलं होतं, ते आता जमेलसं वाटत नाही.

तू विणून पाठवलेला क्रोशाचा रुमाल पहिल्या दिवसापासून डॅशबोर्डवर, काचेखाली ऐटीत पसरलाय. फार सुरेख झालाय.

लोभ आंधळ्या भावावरही असू द्यावा.
तुझा,
नंदू


कोरेगाव,
१६ सप्टेंबर २०२५

चि. नंदूस अ. उ. आ.

मनगट दुखतं म्हणून हे शेजारच्या वैजयंतीबाईंकडून लिहून घेतेय, तेव्हा शिव्या कमी आहेत. डोळे गेले हे तुला सांगितलं कुणी? लहानपणी ताप आला की तू निरवानिरव करायचास आणि गोट्या माझ्या नावे करायचास. आधी डॉक्टरला दाखव, मग गाडी वीक.

भाऊबीजेला यंदा मी येत नाही. गाडीचा प्रश्न नाही, घराबाहेर पडायचाच कंटाळा येतो. रुमाल आवडला हे ऐकून मात्र फार बरं वाटलं. ते वाक्य मी बाईंना दोनदा वाचायला लावलं.

स्वतःची काळजी घे, माझी नको.
शालन


खारघर,
२४ सप्टेंबर २०२५

ती. ताईस शि. सा. न.

माझे डोळे ठणठणीत निघाले. म्हणजे दोष गाडीचा, म्हणून तावातावाने इथल्या पावणे गावातल्या गॅरेजात नेली. तिथला सयाजी आपल्या साताऱ्याकडचा. त्याने पाना घेतला नाही की पेचकस. दोन बोटांनी तुझा रुमाल उचलला. दिवे विझले, आकडे लख्ख! काचेखाली उजेड ओळखणारा वाटाण्याएवढा डोळा असतो म्हणे. आपण तो झाकला, गाडीला रात्र वाटली, म्हणून तिने बाहेर दिवे लावले आणि आतले आकडे मंद केले. काकांनी गाडीला गोधडी पांघरली, असं तो म्हणाला. गॅरेजभर हसू पिकलं, त्यात माझंच जास्त.

मग तो म्हणाला की रुमाल जाळीचा असता तर थोडा तरी उजेड आत गेला असता. तेव्हा मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. ताई, तुझ्या फ्रीजवरच्या रुमालातून खालचं वर्तमानपत्र वाचता येतं. याच्या मधल्या फुलाला भोकच नाही, टाक्यावर टाका चढलाय. मनगट दुखत असतं तर टाके सैल पडले असते, असं राजलक्ष्मी म्हणते. तीन महिने समोर असून मी तो पाहिलाच नव्हता, आणि सुरेख म्हणून मोकळा झालो.

डोळे तुझे दाखवायला हवेत ना? मला भीती वाटतेय. खरं काय ते लिही, आणि स्वतःच्या हाताने.

तुझा बावळट,
नंदू


कोरेगाव,
१ ऑक्टोबर २०२५

चि. नंदूस अ. आ.

ओळी वर-खाली जातील, सांभाळून घे. उन्हाळ्यापासून मला सुईचं टोक दिसत नाही. मोतीबिंदूच असणार, पण ऑपरेशनची धास्ती वाटते. म्हणून तो रुमाल मुद्दाम विणला. लहानपणापासून तू माझ्या प्रत्येक विणकामात खोड काढतोस. मनाशी ठरवलं होतं, नंदूने नावं ठेवली की डॉक्टरकडे जायचं.

तू जूनमध्ये फोनवर सुरेख म्हणालास, पत्रातही म्हणालास. मी घरात बसून राहिले.

आता भाऊबीजेची वाट पाहू नकोस. पत्र मिळेल त्या दिवशी निघ. रुमाल बरोबर आण, डोळे बरे झाले की उसवून पुन्हा विणायचाय. आणि या वेळी नावं ठेवायला कचरू नकोस.

माया आहेच, जीभही पूर्वीसारखी तिखट ठेव.
तुझी ताई