ईदेचा वाडगा

प्रिय लस्साद,

ईदेला फोनवर तू विचारलंस, "आई, शरमूला जमला का?" मी म्हटलं, "जमला की, बोटं चाटशील." खोटं बोलले. या वर्षी आपल्या घरी शरमूला झालाच नाही.

करायचा होता रे. आदल्या दिवशी सकाळी मनुका वाटल्या, पाच किलो कांदा घेऊन चिरायला बसले. तुझ्या धाकट्या भावाला आवडते म्हणून दालचिनी जरा जास्तच काढून ठेवली होती. वाजदी इटलीत निर्वासितांच्या छावणीत आहे, तिथे फोन देत नाहीत, पण सुखरूप आहे, असं तूच सांगितलं होतंस ना? सात महिने मी त्या एका वाक्यावर काढले. कांदा निम्मा झाला असेल, तेवढ्यात शेजारची मब्रूका झाकलेला वाडगा घेऊन आली. तिच्या घरचा शरमूला, वर खारवलेल्या माशाचा तुकडा.

आपल्या स्फाक्समध्ये ईदेला असा वाडगा कुणाच्या दारी जातो, ते तुला सांगायला नको. ज्या घरात माणूस गेलंय, तिथे शरमूल्याची चूल पेटत नाही, शेजारीच आणून देतात. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मब्रूके, तुझ्या जिभेला काही हाड आहे का? माझा पोरगा जिवंत आहे. उचल तो वाडगा!" अंजिराच्या एका फांदीवरून महिनाभर माझ्याशी भांडलेली ही बाई, पण दारातच रडायला लागली. तिचा भाचा वाजदीच्याच नावेत होता. नाव बुडाली, तो वाचला आणि त्याने पहिला फोन तुला केला, हे मला तेव्हा कळलं. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. मासळीबाजाराकडे आता माझं पाऊल वळत नाही. त्याच समुद्रातले मासे ते.

वाडगा मी ठेवून घेतला. फोनवर हे बोलले असते तर तू पुन्हा काहीतरी रचलं असतंस आणि मी पुन्हा विश्वास ठेवला असता, म्हणून लिहितेय. "मार्सेला माझ्याकडे ये, काम बघतो," असं तूच त्याला म्हणाला होतास, म्हणून मला तोंड दाखवायला घाबरतोस. राग आहे माझा, नाही कशाला म्हणू? पण सात महिने झाले, त्याच्यासाठी आपल्या घरात अजून कुणी रडलेलं नाही. मला एकटीला ते जमत नाहीये. ये.

तुम्हा दोघांचीच,
आई