विलायतेत दिलेला खांदा

परळ, मंगळवार, १९५८

वही उघडायला चार दिवस उशीर झाला, माफी असावी. मन थाऱ्यावर नव्हतं.

लंडनला शिकणाऱ्या आमच्या सदूचं पत्र आलं. त्याची घरमालकीण म्हातारी वारली. तिच्या मुलांनी शवपेटी उचलायला त्यालाही बोलावलं, तेही पुढच्या बाजूला. उजवा खांदा अजून दुखतोय म्हणतो.

तीनदा वाचलं. खांदा! गावात मयत झालं की सांगावा घेऊन आम्ही धावायचं, सरणाची लाकडं आम्ही फोडायची, आणि तिरडी निघाली की लांब उभं राहायचं. आता बौद्ध झालो, तरी ते अंगातून जात नाही.

खाली संयुक्त महाराष्ट्राची सभा गाजत होती, एक शब्द कानात शिरला नाही. आपण कोण, हे त्या लोकांना ठाऊक असेल का? सदूने लपवलं तर नसेल? उद्या कळलं आणि थंडीत खोलीबाहेर काढलं तर?

"अवो, तिकडं कोण इचारतंय जात?" ही म्हणाली. "खांदा पोरानं दिला, अन् कण्हताय तुमी!"

हिला हसू येतं. मला येत नाही.

उद्याच्या पत्रात हेच लिहायचं: सदू, लपवून मिळालेला मान आपल्याला नको रे. तू खरं सांगितलं होतंस ना? दोनच ओळी लिही, पण लवकर लिही.