शिंप्याचा निरोप

ती. ताईस, तुझ्या टक्कल पडलेल्या बाळाचा साष्टांग नमस्कार.

शेजारणीने माझं चहाचं गाळणं हस्तगत केलं आहे. या घोर अधर्माची प्रथम नोंद घ्यावी. बाकी क्षेम. तुझ्या डोळ्यांत औषध कोण घालतं गं हल्ली?

आमच्या इमारतीतला म्हातारा शिंपी गेला. त्याच्या मुलखाचं इथे कोणीच नव्हतं. मग आम्ही नाना देशांचे भाडेकरूच खांदेकरी झालो, आणि ज्याने त्याने आपापल्या भाषेत प्रार्थना म्हटली. मी श्लोक म्हटला. शेजारीण डोळे पुसत मला म्हणाली, "पंडित, यातलं त्या बिचाऱ्याला काही कळलं असतं का हो?"

माणसं मायेची आहेत, ताई. माझ्या वेळीही खांदा द्यायला कमी पडणार नाहीत. पण शेवटी मराठीत हाक मारणारं जवळ कोणी नसेल, याची मला फार भीती वाटते.

तुझा धाकटा